कोंसू टीचरचा निळा डबा

“ह्याका जीभ आसा मा? की फी भरताना शाळेत जमा केल्यान?”

हे माझ्याबद्दल चाललं होतं. आई मला पडवीच्या पायरीवर उभी करून आत गेली होती आणि कोंसू टीचर तिला हळू आवाजात हे विचारत होत्या. कोंसू टीचरचा हळू आवाज घरापुढचं खळं ओलांडून रस्त्यावरच्या रिक्षावाल्यापर्यंत जायचा. बोलताना त्यांची ठकठक चालूच होती. मातीची कुंडी कानाशी धरून, बोटाच्या पेराने वाजवून, तडा आहे का ते बघायची त्यांची रीत होती.

“लाजता ता, टीचर,” आई म्हणाली.

“लाजांदे. पण माझ्याकडे रंग मागल्याशिवाय गावाचो नाय. आधीच सांगून ठेवतंय.”

मग त्या बाहेर आल्या, माझ्या डोक्यावर पेराने तशीच ठकठक केली, वाकून कान जवळ आणला आणि निकाल दिला. “तडो नाय. भाजूचा मात्र रवला आसा.”

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. ही बाई मला अजिबात आवडली नाही.

मे महिन्यात देवगडजवळच्या आमच्या जामसंड्यात लहान मुलांना काही किंमत नसते. घरोघरी आंब्याच्या पेट्या भरायचं काम चालू असतं, मोठी माणसं गवत पसरून बसलेली असतात, आणि पोरं त्या गवतात लोळून आंबे चेपून ठेवतात. मग ज्यांना ज्यांना पोरं नकोशी व्हायची, ते त्यांना कोंसू टीचरच्या पडवीत सोडून जायचे. आमच्या आया त्याला सुट्टीचा क्लास म्हणत. टीचर कोंडवाडो म्हणत. तिथे आम्ही मातीच्या कुंड्या रंगवायचो. महिनाअखेर त्या कुंड्या वाडीतल्या क्रुसाच्या फेस्ताला, म्हणजे वर्षाच्या सणाला, क्रुसाभोवती मांडल्या जायच्या आणि मग ज्याची त्याला परत मिळायची.

टीचर या खरं म्हणजे टीचर नव्हत्या. त्यांचे नवरे दुमिंग मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. एकदा मास्तरांना टायफॉइड झाला आणि हेडमास्तरांनी, घरातल्या घरात सोय म्हणून, बायकोला वर्गावर उभं केलं. मास्तर बरे होऊन परत कामावर गेले, पुढे निवृत्त झाले, पुढे वारलेसुद्धा. टीचर मात्र टीचरच राहिल्या. मास्तरांनी काढलेलं विजयदुर्गाचं मोठं चित्र बाहेरच्या खोलीत लावलेलं होतं. त्यात किल्ला थोडा डावीकडे कलला होता. आलेल्या-गेलेल्याला टीचर ते आवर्जून दाखवायच्या. “ह्या चित्र बघितला असता तर शत्रू वाटेवरसूनच परत गेलो असतो.”

स्वतः टीचरना सरळ रेघ काढता येत नव्हती, पट्टी घेऊनही. म्हणून कुंड्या. “कुंडयेर रेघ सरळ लागतच नाय,” त्या सांगायच्या. “थंयसून निघता, फिरान थंयच येता. चुकली तरी घराक पोचता.”

त्यांच्या क्लासला खर्च असा नसायचाच. कुंड्या म्हणजे कुंभाराने बाजूला काढलेला माल, कुणाचा काठ उडालेला, कुणी एका अंगाला बसलेली. ब्रश म्हणजे नारळाच्या सोडणाचा, वरच्या सालीचा, कुंचला, आणि ठिपके द्यायला झाडूचा हीर. रंग लावायच्या आधी कुंडी रात्रभर पाण्यात बुडवायची आणि दुसऱ्या दिवशी उन्हात वाळवायची. “तिका तहान लागलेली आसा. आधी पाणी पाज, नायतर तुझो सगळो रंग पिऊन टाकतली आणि वर तोंड करून बघत रवतली.” मग पेजेच्या निवळीत कालवलेल्या चुन्याचा एक हात. माझ्या घरी पेज शिल्लक राहायची नाही, कारण आमच्याकडे नाश्त्याला टोस्ट असायचा. हे कळल्यावर टीचरनी माझ्या आईसाठी क्रुसाकडे हात जोडले.

आणि रंग. हिरवा बंदरावरच्या होडीचा उरलेला. पिवळा कुणाच्यातरी रिक्षाचा. लाल एका देवळाच्या खांबांचा, आणि तो क्रुसाभोवती चालतो का, असं एकाने विचारल्यावर टीचर म्हणाल्या होत्या, “देवाक इचार. माका काय त्याचा पत्र इला नाय.” गेरू आणि चुना कुणीही घ्यावा. बाकीचे रंग मागायचे, मोठ्याने, आणि ते कशाला हवेत तेही सांगायचं. सगळ्यांत महत्त्वाचा निळा. देवगडच्या एका होडीवाल्याने दिलेला तो मोठा डबा होता आणि टीचर खुर्चीत बसल्या की त्याच्यावर पाय ठेवायच्या. डब्याच्या कडेवरून ओघळून वाळलेला निळा मला पहिल्याच दिवशी दिसला होता. भरतीच्या दिवशी, ऊन कलल्यावर, जेट्टीच्या सावलीतलं पाणी असतं तसा.

शेजारच्या वाडीतला दत्तू माझ्याच वयाचा होता. त्याने माझ्यादेखत मागितला.

“टीचर, निळो व्हयो.”

“कित्या?”

“समुद्र काढूचो आसा.”

“भायर इतको पडलो आसा तो पुरणा नाय तुका?”

“तो कुंडयेर मावणा नाय.”

सगळे हसले, टीचरही हसल्या, पाय उचलला आणि करवंटीत दत्तूला निळा मिळाला. मग मी धीर केला. शाळेत आम्हाला मागायचं कसं ते चांगलं शिकवलं होतं. मी उभी राहिले, हात मागे बांधले आणि म्हणाले, “ब्लू, प्लीज.”

पडवी पार कोसळली. दत्तूने तर जमिनीवर अंग टाकलं. टीचर कानामागे हात धरून म्हणाल्या, “काय व्हया म्हणालंस, बाय? माझ्याकडे निळो आसा.” त्यांना चिडवायचं नसावं, त्यांचा चेहरा नेहमी तसाच असायचा. पण मी बसले ती बसले. त्या सबंध महिन्यात दत्तू पाणी मागतानासुद्धा मान वाकडी करून ‘प्लीज’ म्हणायचा.

माझी अडचण अशी होती की घरी आईबाबा आपसात मालवणी बोलत आणि माझ्याकडे वळले की पुस्तकी मराठी. शाळेत इंग्रजी. मालवणी मला सगळी कळायची, पण ती माझ्यासाठी नाही, असं कुणीतरी न सांगता ठरवून टाकलं होतं. तीन शब्दांचं वाक्य मी मनात कितीतरी वेळा जुळवलं. तोंडाशी आलं की ते दुसऱ्याचे कपडे घातल्यासारखं वाटायचं. त्यामुळे मी गेरूने कुंडी रंगवायची, वर खाली चुन्याच्या ठिपक्यांची नक्षी काढायची, आणि मधे चार बोटांचा पट्टा कोरा ठेवायची. तिथे निळा यायचा होता. फेस्ताला माझी कुंडी तशीच पट्टा उघडा टाकून क्रुसापाशी बसायची.

टीचरना तो पट्टा कळला होता. त्यांना सगळंच कळायचं, पण दया त्यांच्या स्वभावात नव्हती. येता-जाता त्या फक्त म्हणायच्या, “काय गो मौनव्रता, इला काय तोंडात?”

आणि दर वर्षी सुट्टी संपायची.

त्यांचं देवाशी वागणंही आमच्याशी होतं तसंच. बाहेरच्या खोलीतल्या कोनाड्यात सांत आंतोनाची मूर्ती होती. हरवलेली वस्तू शोधून देणं हे त्याचं काम. वस्तू हरवली की टीचर आधी सभ्यपणे मेणबत्ती लावायच्या. दुपारपर्यंत नाही मिळाली तर मेणबत्ती विझवायच्या आणि आंतोनाला भिंतीकडे तोंड करून उभा करायच्या. “रव थंय. गावल्याशिवाय सरळ करूचंय नाय.” शाळेत आम्हालाही शिक्षा म्हणून असंच भिंतीकडे तोंड करून उभं करत, त्यामुळे मला त्या संताबद्दल फार वाटायचं. एकदा चष्म्यासाठी तो अख्खा दिवस भिंत बघत होता. चष्मा टीचरच्याच डोक्यावर निघाला. “बग,” त्या त्याला सरळ करत म्हणाल्या, “घाबारलो.”

मांजरांची गोष्ट आमच्याकडे अजूनही सांगतात, पण चुकीची सांगतात, म्हणून लिहिते.

एका वर्षी टीचरच्या मनात चकाकी भरली. कुठल्याशा लग्नाच्या हॉलमध्ये त्यांनी व्हार्निश मारलेल्या कुंड्या पाहिल्या होत्या. व्हार्निश विकत आणणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. मग त्यांना आठवलं की पूर्वी होडीच्या लाकडाला मोरीचं तेल लावायचे. मोरी म्हणजे लहान शार्क, तिच्या काळजाचं तेल. “होडी बाराव म्हयने पाण्यात रवता, तिका काय होणा नाय. कुंडयेक काय होतला?” एका म्हाताऱ्या खलाशाकडून त्यांनी बाटलीभर मिळवलं. आम्ही फडक्यांनी सगळ्या कुंड्यांना चोपडलं. त्या वासाने दत्तूची आई त्याला घरात घेईना.

“टीचर, वास मारता,” दत्तू म्हणाला.

“उन्हान जातलो.”

उन्हाने तो गेला नाही, पिकला. पण कुंड्या अशा चमकत होत्या की आम्हाला काही सुचत नव्हतं. संध्याकाळी फेस्त. क्रुसाच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर कुंड्या मांडल्या, मेणबत्त्या लावल्या, माणसं जमली, नवीन आलेल्या फादरनी प्रार्थना सुरू केली. आधी मासेवालीचं पांढरं मांजर आलं. त्याने पहिली कुंडी हुंगली आणि चाटायला घेतली. मग कुंपणातून दोन आली. मग, मला वाटतं, बातमी बाजारापर्यंत गेली. फादर डोळे मिटून होते. त्यांनी उघडले तेव्हा प्रत्येक कुंडीला एक भाविक मिळालेला होता, आणि एक धिप्पाड बोका एका कुंडीत लावलेल्या झिनियाच्या रोपावर बसून, मागचा पाय वर करून, स्वतःला स्वच्छ करत होता. फादरनी प्रार्थनेचा वेग वाढवला. दत्तू शर्टाची बाही तोंडात कोंबून हसता हसता रडत होता.

संपल्यावर फादर म्हणाले, “कोंसूबाई, हे काय आहे?”

बाहेरच्या माणसांशी आणि ऑफिसात बोलायला टीचरकडे एक वेगळं मराठी होतं, इस्त्री केलेलं. त्या म्हणाल्या, “फादर, माणसांना यायला तुम्हाला घंटा वाजवावी लागते. ही आपणहून आली.”

दुसऱ्या दिवशी आम्ही राखेने कुंड्या घासत बसलो. होडीचे आणि रिक्षाचे रंग जसेच्या तसे राहिले. गेरू आणि चुना मात्र धुऊन गेला. म्हणजे सबंध पडवीत माझी एकटीची कुंडी कोरी झाली. मी ती मांडीवर घेऊन बसले. टीचर खुर्चीतून बघत होत्या. त्यांनी डब्यावरचा पाय काढला. नुसता काढला नाही, पायानेच डबा माझ्याकडे थोडा सरकवला. आणि वाट बघत राहिल्या.

माझे कान तापले. दत्तूने मान वर केली. मी गेरूचं भांडं ओढलं.

टीचरनी पाय परत डब्यावर ठेवला. “बरा,” त्या म्हणाल्या, “तुझी कुंडी, तुझा तोंड.”

पुढे मी कॉलेजला गेले आणि दत्तूने घरामागे तीन खोल्या बांधून होमस्टे काढला. पाहुण्यांना गाव दाखवायचं म्हणून तो त्यांना टीचरच्या पडवीत आणायचा. अशाच एका मेमध्ये मी घरी होते आणि टीचरकडे पोरांच्या कुंड्या वाळत घालायला मदत करत होते. तिथे माझी जुनी कुंडीही खिडकीत होती. घरी न्यायची राहिली होती, किंवा टीचरनी द्यायला टाळाटाळ केली होती. पुण्याहून आलेल्या एका बाईंनी ती उचलली.

“किती संयत आहे,” त्या म्हणाल्या. “बाकी सगळ्या कुंड्या नुसत्या ओरडतायत. ही मधली मोकळी जागा बघा. किती बोलते ती.”

टीचरनी इस्त्रीचं मराठी काढलं. “जागा बोलते, बाई. करणारी बोलत नाही. तोच तर घोळ आहे.”

“म्हणजे?”

“ती मोकळी जागा नाही. तिथे निळा यायचाय. ही मुलगी मागत नाही.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी दोरीवरच्या फडक्याकडे पाहिलं.

“मला विकत द्याल का? मला अशीच हवी आहे.”

“नाही. अर्धवट वस्तू आम्ही विकत नाही.”

“प्लीज मॅडम,” दत्तू पुढे झाला, या वेळी ‘प्लीज’ खराखुरा, “ही बघा, ही समुद्रवाली. माझ्या स्वतःच्या हातची आहे.” आणि त्याने पाहुण्यांना दाखवायला तिथे आणून ठेवलेला आपला लहानपणचा समुद्र त्यांना तिथल्या तिथे विकला. त्या गेल्यावर टीचर त्याला म्हणाल्या, “मेल्या, तो समुद्र माझ्या रंगाचो होतो,” आणि नंतर माझ्याकडे वळून, बऱ्याच वेळाने, “संयत म्हणे. ह्येका संयत म्हणतत.”

मला त्या दिवशी एक गोष्ट लागली. त्या बाईंना माझं न बोलणं आवडलं होतं, आणि मला ते आवडलेलं आवडलं नव्हतं.

आता मी रत्नागिरीत नोकरी करते. काम बहुतेक ईमेलवर चालतं, म्हणून टिकले आहे. या मेमध्ये आईने फोनवर सांगितलं की टीचर म्हापशाला चालल्या, लेकीकडे, कायमच्या. मी शनिवारी गेले.

पडवीत पोरं नव्हती. क्लास बंद होऊन दोन सुट्ट्या झाल्या होत्या. आत टीचरची लेक मार्सेलीन पेपरात कपबश्या गुंडाळत होती. टीचर त्यांच्या खुर्चीत होत्या, आधीपेक्षा लहान झालेल्या, पाय सुजलेले. उजवा पाय डब्यावर होता.

“इली बग,” त्या मार्सेलीनला म्हणाल्या, “संयत.”

मी हसले आणि खाली पायरीवर बसले. त्यांनी हात लांब करून माझ्या डोक्यावर ठकठक केली. बोटांत पूर्वीचा जोर नव्हता. कान मात्र जवळ आणला.

“चौथ्या माळ्यार रवता ही,” लेकीकडे अंगठा करत त्या म्हणाल्या. “गॅलरीत कुंडी ठेवलंय आणि पडली तर खालच्याच्या टकलार. मगे म्हाताऱ्येक धरून नेतले.”

“ममा, तिथे लिफ्ट आहे, चर्च जवळ आहे,” मार्सेलीन म्हणाली.

“लिफ्टीत कोण काय मागणा नाय. बटण दाबतत.”

खोलीतलं बरंचसं सामान निघालं होतं. दुमिंग मास्तरांचा किल्ला भिंतीवरून उतरून दाराशी टेकला होता, आणि गंमत म्हणजे तसा ठेवल्यावर तो सरळ दिसत होता. कोनाडा मात्र अजून आवरला नव्हता. त्यात सांत आंतोन उभा होता, भिंतीकडे तोंड करून. त्याच्या पाठीवर धुळीचा थर होता.

मी मार्सेलीनकडे पाहिलं.

“मला विचारू नकोस,” ती म्हणाली. “कुणी पुण्याच्या बाई आल्या होत्या ना कुंडी बघायला, त्या दिवसापासून आहे तसाच. काय हरवलंय ते सांगत नाही. मी झाडायलाही हात लावायचा नाही. मी म्हटलं, आता निघताना तरी फिरव त्याला, तर म्हणते, तसोच पेटयेत भर.”

टीचर बाहेर रस्त्याकडे बघत होत्या, जणू दुसऱ्याच कुणाच्या घरातला विषय चालला आहे. त्यांच्या मागे खिडकीत माझी कुंडी होती, कढीपत्त्याचं रोप लावलेली, मधला पट्टा कोराच. ती त्यांनी सामानात बांधली नव्हती, आणि आईकडेही पाठवली नव्हती.

मग टीचर वाकल्या. मोठा खिळा घेऊन त्यांनी निळ्या डब्याचं झाकण कडेकडेने उचकटलं. वर रंगाची जाड साय धरली होती, सुकून सुरकुतलेली. त्यांनी खिळा मधोमध रोवून ती फाडली आणि एका कडेला ओढली. खाली तळाशी वाटीभर निळा होता. ओला. पहिल्या दिवशी पाहिला होता तसाच.

त्यांनी झाकण बाजूला ठेवलं, खिळा पुसला आणि हात मांडीवर घेतले. एकदाही मौनव्रता म्हणाल्या नाहीत. आत मार्सेलीनचा पेपर वाजायचा थांबला. खळ्यात मासेवालीच्या मांजराच्या कुठल्यातरी पिढीतलं एक पांढरं पिल्लू कुंपणातून आलं, डब्याकडे बघून, काही खाण्यासारखं नाही असं ठरवून निघून गेलं.

मी खिडकीतली कुंडी उतरवून मांडीवर घेतली.

“टीचर,” मी म्हटलं, “माका निळो व्हयो.”

दत्तू नव्हता. कुणी हसलं नाही. टीचरनी सावकाश कानामागे हात नेला, डोळे बारीक केले, आणि अजिबात दया न दाखवता विचारलं, “कित्या?”

“हरवलेला गावला, टीचर. मगे त्या सांत आंतोनान आजून किती दिस भिंतीकडे तोंड करून रवाचा?”